तंजावरातील पहिला दिवस

सुट्टीत कोठे जावे या प्रश्नावर एकत्र कुटुंबात जितकी मते निघतात, तितकी ग्रामपंचायतीच्या सभेतही निघत नसतील. कबनूरच्या आमच्या घरात आम्ही अकरा माणसे आहोत: ऐंशी वर्षांच्या मातोश्री, आम्ही तिघे बंधू, तिघी जावा आणि चार मुले. गेल्या नाताळच्या सुट्टीचा विषय निघाला तेव्हा मुलांनी सिंगापूरचे नाव घेतले. धाकट्या बंधूंनी बँकॉकच्या विमानभाड्याचा हिशेब मोबाईलवर काढून दाखविला. वहिनींना केरळ पाहावयाचे होते. मातोश्रींनी सर्वांचे ऐकून घेतले आणि हातातील वातीचा कापूस बाजूला ठेवून त्या इतकेच म्हणाल्या, "मला तंजावर बघायचंय. तुम्हांला यायचं नसेल तर मला गाडीत बसवून द्या." तेथेच वाद खुंटला.

मातोश्रींच्या या हट्टामागे एक जुनी गोष्ट होती. आमचे कैलासवासी वडील शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेने मोडी लिपीचा अभ्यास केला. तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेविले आहेत, ते एकदा डोळ्यांनी पाहावयाचे, असे ते दर दिवाळीस म्हणत. कधी घरात लग्न निघे, कधी आजारपण येई, कधी आमच्या शिक्षणाची फी आडवी येई. शेवटी तंजावर न पाहताच ते गेले. मातोश्रींना मोडी येत नाही. परंतु जे पतीचे पाहावयाचे राहिले ते आपण पाहून यावे, असे त्यांच्या मनाने घेतले होते.

मुलांना मात्र एकच शंका होती: इतक्या दूरच्या तमिळ शहराशी आपला काय संबंध? म्हणून गाडीत बसल्यावर थोडा इतिहास सांगावा लागला. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतले. दक्षिणदिग्विजयाच्या वेळी, १६७७ साली, या दोघा भावांची भेट झाली. वडिलार्जित मिळकतीच्या वाट्याचा प्रश्न त्या भेटीतही निघालाच. "म्हणजे आपल्यासारखंच की!" असे धाकटी पुतणी म्हणाली, तेव्हा आम्हां तिघा बंधूंस हसावे की गंभीर व्हावे हे कळेना. पुढे सुमारे १८० वर्षे भोसल्यांचे घराणे तेथे नांदले. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी १७व्या शतकाच्या अखेरीस मराठीत नाटके रचिली. १७९८ ते १८३२ गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजींच्या हाती किल्ल्याबाहेरची सत्ता उरली नव्हती. ती १७९९ साली कंपनीकडे गेली. त्या राजाने आपले आयुष्य ग्रंथसंग्रह, वैद्यक, संगीत आणि छापखाना यांत घातले. १८५५ साली शेवटचे राजे शिवाजी हे पुत्रावाचून निवर्तले आणि राज्य संपले.

हातकणंगल्याहून मिरज, मिरजेहून रात्रीच्या गाडीने बंगळूर, तेथे एका आप्तांकडे दिवसभर विसावा आणि पुन्हा रात्रीची गाडी, असा आमचा प्रवास झाला. घरून निघताना पहाटेची थंडी होती, म्हणून प्रत्येकाच्या अंगावर स्वेटर होता. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तंजावरच्या फलाटावर उतरलो तो हवा ओलसर, उबदार, आपल्याकडे वळवाच्या पावसानंतर असते तशी. मुलांनी स्वेटर काढले ते परतीच्या प्रवासापर्यंत पिशवीबाहेर आले नाहीत. गाडीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंस हिरवीगार भातशेती दिसली होती. कावेरीच्या पाण्यावर पोसलेला हा मुलूख तमिळनाडूचे धान्याचे कोठार म्हणून प्रसिद्ध आहे. पोंगलच्या आधी काही दिवस ते शेत भरात असते.

शहरात शिरल्यावर काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते. काय चुकते आहे ते आमच्या धाकट्या वहिनींनी ओळखले. "आवाज नाही!" त्या म्हणाल्या. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला. त्यानंतर तो उद्योग शेजारच्या कबनुरातही पसरला. मागांचा खडखडाट आमच्या कानांत इतका मुरला आहे की रात्री वीज जाऊन तो थांबला तर आमची झोप मोडते. येथे तो नव्हता. घराघरांपुढे स्त्रिया वाकून रांगोळ्या काढीत होत्या, आणि कोठूनतरी देवळातील ध्वनिक्षेपकावरची स्तोत्रे ऐकू येत होती. तमिळ पंचांगाचा मार्गळी महिना चालू होता. या महिन्यात तेथील रांगोळ्या, ज्यांस कोलम म्हणतात, नेहमीपेक्षा मोठ्या असतात आणि मधोमध शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचे पिवळे फूल खोवलेले असते. ठिपके आधी मांडून मग एका न तुटणाऱ्या रेषेने त्यांस वेढा घालण्याची ती तऱ्हा पाहून आमच्या तिघी जावा रिक्षा थांबवून उतरल्याच. भाषा कोणासच येत नव्हती. तरी एका गृहिणीने पिठाचा डबा पुढे केला, आणि थोरल्या वहिनींनी त्या अंगणाच्या कोपऱ्यात आपल्याकडची गोपद्मे काढून दिली.

पहिल्या दिवशी सगळेच मनासारखे व्हावे, असे ज्यांस वाटते त्यांनी मुलाबाळांसह प्रवासास निघू नये. मोबाईलवर ठरविलेल्या निवासात खोल्या दुसऱ्या मजल्यावर मिळाल्या आणि उद्वाहन बंद होते. मातोश्रींच्या गुडघ्यांस जिने सोसत नाहीत. तळमजल्यावरची एक खोली मिळवीपर्यंत तास गेला. अकरा जणांच्या स्नानास दोन तास गेले. त्यानंतर पोंगल, वडे आणि पितळी वाटीपेल्यातील कॉफी यांत आणखी एक. "दहा वाजता देवळात" असे ठरले होते, ते पोहोचलो साडेअकरास.

बृहदीश्वराचे मंदिर कितीही चित्रांत पाहिले असले तरी प्रत्यक्ष समोर आले की बोलणे थांबते. पहिल्या राजराज चोळाने हे मंदिर बांधविले आणि १०१० साली ते पूर्ण झाले. दोन गोपुरे ओलांडून आत गेले की विस्तीर्ण फरसबंद आवार लागते, समोर एका दगडात घडविलेला प्रचंड नंदी, आणि त्यापलीकडे २०० फुटांहून उंच गेलेले विमान, म्हणजे गाभाऱ्यावरील शिखर. सर्व काम ग्रॅनाईटसारख्या कठीण पाषाणाचे. १९८७ साली युनेस्कोने हे मंदिर जागतिक वारसा म्हणून घोषित केले. तेथील भिंतींवर राजराजाचे तमिळ लेख आहेत; त्यांत देवास अर्पण केलेल्या वस्तूंची बारीकसारीक नोंद आहे. आम्हांस त्यांतील एक गोष्ट फार आवडली. राजाने आज्ञा केली ती अशी की, आपण जे दिले ते तर कोरावेच, परंतु आपल्या थोरल्या बहिणीने, राण्यांनी आणि इतरांनी दिले तेही कोरावे. त्या बहिणीचे नाव कुंदवै. आणि लेखात बहिणीसाठी जो शब्द आहे तो आपल्या "अक्का"चाच भाऊबंद आहे. एवढ्या मोठ्या सम्राटाने दानाच्या यादीत अक्काला विसरू नये, हे आमच्या मातोश्रींस शिखराच्या उंचीपेक्षा मोठे वाटले.

आवारात एक मार्गदर्शक काही प्रवाशांस मोडक्या हिंदीत सांगत होता की या शिखराची सावली जमिनीवर कधीच पडत नाही. ही कथा पुष्कळ ठिकाणी ऐकू येते आणि छापूनही येते. आमचा तेरा वर्षांचा पुतण्या ती ऐकून आजीकडे पाहू लागला. मातोश्री त्या वेळी उत्तरेच्या बाजूस फरशीवर पाय पसरून बसल्या होत्या, कारण तेथे गारवा होता. आणि तो गारवा होता शिखराच्याच सावलीचा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे असतो, तेव्हा भर दुपारीही सावली उत्तरेस चांगली लांबवर जाते. पुतण्या धावत आला आणि म्हणाला, "आजी, तू बसलीस ती जागाच नाहीये म्हणे!" मंदिर थोर आहे ते अशा दंतकथांवाचूनही थोरच आहे, हे त्यास वेगळे सांगावे लागले नाही.

परंतु दर्शनाची रांग लांब होती. आमचा पुढे जाण्याचा वेळ आला आणि गाभाऱ्याची दारे दुपारच्या विश्रांतीसाठी मिटली. आता चार वाजता. मग घरात होते तेच झाले. थोरले बंधू म्हणाले, स्नानास वेळ लावला म्हणून. धाकटे म्हणाले, कोलम पाहण्यास उतरला म्हणून. वहिनी म्हणाल्या, दुसरी कॉफी कोणी मागविली ते आठवा. आवाज चढले. मातोश्री उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "देव हजार वर्षं इथं बसलाय. चार तासांत कुठं जातो? जेवायला चला." आम्ही मुकाट्याने निघालो.

जेवण केळीच्या पानावर होते. सांबार वाढणाऱ्याकडे पाहून मुलांस ती प्रसिद्ध दंतकथा सांगितली, की तंजावरच्या राजवाड्यात आमसुले संपली म्हणून चिंच घालून आमटी केली गेली आणि पाहुण्या संभाजीराजांच्या नावावरून तिला सांबार म्हटले गेले. सावलीच्या कथेने शहाणा झालेला पुतण्या लगेच म्हणाला, "ही पण तसलीच का?" आम्ही म्हटले, तसलीच, पण चवीला चांगली आहे.

साडेचारास पुन्हा मंदिरात गेलो. दर्शन शांतपणे झाले. बाहेर आलो तेव्हा ऊन उतरले होते, पाषाणाचा रंग मधासारखा झाला होता, आणि शहरातील माणसे मुलाबाळांसह आवारात येऊन बसली होती. ज्या गोष्टीसाठी आलो ती आता पाहावयाची होती. सरफोजींनी १८०३ साली या मंदिराच्या आवारातील नैऋत्य भागाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा संपूर्ण इतिहास कोरविला. तो लेख मराठीत आहे, देवनागरी अक्षरांत आहे, आणि इतका विस्तृत आहे की आपल्या भाषेतील सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. राज्य हातून गेलेल्या राजाने तो कोरविला. किल्ल्याबाहेर ज्याची आज्ञा चालत नव्हती, त्याने आपल्या पूर्वजांची नावे तरी दगडास सांगून ठेविली.

मातोश्री चष्मा पुसून भिंतीजवळ गेल्या आणि आमच्यात पुन्हा वाद सुरू झाला. या वेळी एका जोडाक्षरावरून. तेवढ्यात मागून कोणी विचारले, "तुम्ही मराठी बोलता. गाव कोणतं तुमचं?"

वळून पाहिले तो पांढरी वेष्टी नेसलेले, कपाळी गंध लावलेले एक वृद्ध गृहस्थ उभे होते. त्यांच्या बोलण्याचे हेलकावे तमिळ होते. मधूनमधून तमिळ शब्दही येत. परंतु क्रियापदे आपली होती, नात्यांचे शब्द आपले होते, आणि काही शब्द असे होते की जे मातोश्रींनी त्यांच्या आजीच्या तोंडून ऐकले होते आणि आम्ही कधीच ऐकले नव्हते. त्या प्रदेशातील मराठी देशस्थांना तमिळ लोक "रायर" म्हणतात. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे याच समाजातील, जन्माने कुंभकोणचे. हे गृहस्थही त्याच समाजातील एक, कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी मातोश्रींस "अक्का" म्हणून नमस्कार केला. सकाळी राजराजाच्या लेखात भेटलेला शब्द संध्याकाळी असा समोर उभा राहिला.

घरात काय करता, असे मातोश्रींनी विचारले. ते म्हणाले की कोशिंबीर करतात, पुरणपोळी करतात, उडदाच्या पिठाचे डांगर करतात. हे शेवटचे ऐकून मातोश्रींनी थोरल्या वहिनींकडे असे पाहिले की आमच्या घरी डांगर किती वर्षांत झाले नाही याचा हिशेब तेथल्या तेथे झाला. त्यांचे कुलदैवत तुळजापूरची भवानी. त्यांच्या वडिलांनी तुळजापूर पाहिले नव्हते, त्यांनीही पाहिलेले नाही.

मग ते भिंतीकडे वळून म्हणाले की या लेखासमोरून आपण लहानपणापासून जातो. त्यात काय आहे हे तमिळ आणि इंग्रजी पुस्तकांतून वाचले आहे. पण आपणांस ही अक्षरे येत नाहीत. घरात मराठी बोलावयाची ती केवळ तोंडाने. लिहावयाची वेळ आली तर तमिळ लिपीत लिहावयाची. आजोबांना बाळबोध आणि मोडी दोन्ही येत, वडिलांना थोडीफार बाळबोध, आपणांस नाही. "थोडं वाचून दाखवाल का?" असे त्यांनी इतक्या संकोचाने विचारले की आम्हां मोठ्या माणसांस क्षणभर काही सुचले नाही.

मातोश्रींची नजर वरच्या ओळींपर्यंत पोहोचत नव्हती. त्यांनी नातवास पुढे केले. आमचा पुतण्या इंग्रजी शाळेत शिकतो. मराठी हा त्याचा गुण मिळविण्यापुरता विषय आहे. तो अक्षराला अक्षर जोडीत वाचू लागला. शब्द कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो हे त्यास उमजेना. जोडाक्षर आले की तो अडखळे आणि मातोश्री ते उच्चारून दाखवीत. काय वाचतो आहोत ते त्यास कळत नव्हते. परंतु त्या गृहस्थांना कळत होते. त्याने चार अक्षरे वाचली की त्यांचे ओठ हलत आणि ते शब्द पुरा करीत. मालोजींचे नाव आले, शहाजींचे आले, तेव्हा त्यांनी मान डोलावली. ज्यास अक्षरे येत होती त्यास अर्थ लागत नव्हता, आणि ज्यांस अर्थ लागत होता त्यांस अक्षरे येत नव्हती. दोघांनी मिळून आठदहा ओळी वाचल्या, अंधार पडून अक्षरे दिसेनाशी होईपर्यंत. आमच्यापैकी कोणीही घड्याळाकडे पाहिले नाही.

निरोप घेताना पत्ते दिलेघेतले. परत जाताना रिक्षात पुतण्याने विचारले, "आजी, त्या आजोबांना वाचता येत नाही आणि मला कळत नाही. मग ते लिहिलंय कुणासाठी?" मातोश्रींना नेहमी उत्तर सुचते, त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत.

तो प्रश्न आम्हां मोठ्यांसाठी होता, हे आम्हांस रात्री उमगले. त्या घराभोवती साडेतीनशे वर्षे तमिळचा समुद्र आहे. शाळा तमिळ, बाजार तमिळ, देव तमिळ, सरकारी कागद तमिळ आणि इंग्रजी. राज्य गेले त्यासही पावणेदोनशे वर्षे होत आली. तरी त्यांनी स्वयंपाकघरात आणि माजघरात आपली बोली राखली. आमच्या भोवती तर कबनूर आहे, इचलकरंजी आहे, कोल्हापूर आहे. दुकानाच्या पाट्या मराठी, ग्रामपंचायतीचे ठराव मराठी. आमच्यावर कोणाची सक्ती नव्हती. असे असता वाण्याची यादी आम्ही मोबाईलवर रोमन अक्षरांत लिहितो, मुलांचे संवाद अर्धे इंग्रजी असतात, आणि आजीशी बोलताना नातवास शब्द शोधावा लागतो. तेथे जे तीन पिढ्यांत लिपीचे झाले ते आमच्या घरी एका पिढीत अर्थाचे होऊ घातले आहे. मुलांस इंग्रजी शाळेत घातले याचा आम्हांस पश्चात्ताप नाही. त्यांच्या पोटापाण्याचा तो प्रश्न आहे. परंतु शाळेने जे शिकविले नाही ते घराने शिकवावयाचे असते, आणि त्यात आमचीच कुचराई झाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सरस्वती महाल पाहिला. त्याविषयी लिहावयाचे तर स्वतंत्र लेख लागेल. येथे एवढेच सांगतो की तेथे मातोश्री काही वेळ हात जोडून उभ्या होत्या, आणि आम्ही त्यांस एकटे राहू दिले.

जी कुटुंबे वडील माणसांना घेऊन तिकडे जातील त्यांस अनुभवाच्या दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मंदिर सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर पाहावे. दुपारी गाभारा बंद असतो आणि अनवाणी पायांस फरशी भाजते. तळमजल्याची खोली आधीच लेखी ठरवून घ्यावी. आणि पहिल्या दिवशी एकच स्थळ ठेवावे. आम्ही यादीत पाच लिहिली होती. त्यांतील चार राहिली, त्याबद्दल कोणीही हळहळले नाही.

घरी परतल्यावर थोरल्या वहिनींनी डांगर केले. रात्रीच्या जेवणानंतर पुतण्याने आजीस अर्धा तास मराठी वाचून दाखवावयाचे, असा नियम ठरला. काही दिवस तो कुरकुरला; आता आजीच अधूनमधून कंटाळते आणि तो थांबत नाही. महिन्याभराने त्याने तंजावरच्या आजोबांना देवनागरीत पत्र धाडले. आपल्याला हे वाचता येत नसेल तर मी दूरध्वनीवर वाचून दाखवीन, असे त्यात लिहिले होते.

उत्तर आले ते तमिळ लिपीत. पाकीट घरभर फिरले. कोणासच वाचता येईना. पुतण्याने मोबाईलवरून तमिळ मुळाक्षरांचा तक्ता मिळविला, एका वहीत उतरून घेतला आणि तीन संध्याकाळी बसून एकेक अक्षर लावले. चौथ्या संध्याकाळी तो आजीजवळ बसून ते मोठ्याने वाचू लागला. त्या लिपीत क आणि ग यांस एकच अक्षर, त आणि द यांस एकच. त्यामुळे उच्चार चमत्कारिक होत होते. परंतु पहिलेच वाक्य पुरे होण्याआधी मातोश्री म्हणाल्या, "कळलं. अक्का कशी आहे, विचारतायत."